पिवळी पट्टी

"नमुना स्वतःच्या डोळ्यांदेखत घ्या हं, ताई," असं नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण सात वर्षांची ठमी दार लावून घ्यायची. पोरीला कशाला लाजवायचं, म्हणून आईने ते कानाआड केलं.

ठमीच्या मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे रोज सकाळी तिच्या लघवीत प्रथिनं तपासायची पट्टी बुडवावी लागे. पिवळी राहिली तर सुटलो. हिरवी झाली तर पुन्हा औषधं वाढवा, पुन्हा हॉस्पिटलच्या वाऱ्या करा. गेले नऊ दिवस पट्टी पिवळीच होती, आणि ठमीचे डोळे मात्र रोज थोडे जास्तच सुजलेले दिसत होते. थकलेल्या आईने सगळा दोष पट्ट्यांना दिला. डबीवरची तारीख पाहिली, झाकण सैल राहिलं का ते पाहिलं, शेवटी नवी डबी आणली. तरी पट्टी आपली पिवळीच.

रोज बाथरूममधून नळाचा आवाज आला, की न सांगता हात धुते हो पोरगी, म्हणून आईला कौतुक वाटायचं. आज दाराची कडी नीट लागली नव्हती; उघड्या फटीतून आईला आतलं दिसलं. ठमीने नळाखाली नमुन्याचा कप धरला होता.

"अगं बाई, हे काय करतेयस?"

ठमी दचकली. "हिरवी झाली की तू टॉवेलात तोंड खुपसून रडतेस ना... म्हणून थोडंसंच पाणी घालते."

 

तुमच्या घरात कुणाचं रोजच 'सगळं ठीक' येत असेल, तर आज एकदा जवळ जाऊन बघाल?