पाहुण्याची थुंकी

पोपोय रडायचा थांबेना, आणि त्याला दृष्ट लावणारा माणूस जीपनीत, म्हणजे शहराकडे जाणाऱ्या वडाप गाडीत, बसून गावाबाहेर निघाला होता.

आर्लीन बाळाला छातीशी धरून चौकाकडे पळत होती. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची. मागून सासूबाई, लोला कोनराडा, झगा सावरत येत होत्या आणि भेटेल त्याला सांगत होत्या की लुसेना शहराची गाडी अडवा, आत प्राध्यापक आहे, त्याची थुंकी हवी आहे. यात कुणालाच नवल वाटलं नाही. चर्चमधला घंटा वाजवणारा तर मदत म्हणून घंटाच बडवायला लागला.

प्राध्यापक एवारिस्तो चार दिवस गावात होते. सान्ता प्रुदेन्सिया या गावाला दोनशे वर्षं पूर्ण होत होती, म्हणून नगरपालिकेने त्यांना गावाचा इतिहास लिहायला बोलावलं होतं. पहिल्या पानावर गाव वसवणाऱ्याचं नाव हवं, आणि नेमकं तेच सापडेना. पाद्रीबाबा म्हणाले, खुद्द संतिणीने वसवलं. नगराध्यक्षांच्या मते त्यांच्या खापरपणजोबांनी. न्हावी म्हणाला, तसं मुद्दाम कुणी वसवलं नसावं. म्हाताऱ्यांना विचारावं, तर ते एकमेकांकडे बघत आणि सरांना आणखी भात वाढत. चार दिवसांत सरांची वही कोरी राहिली आणि कमरेचा पट्टा दोन भोकं सैल करावा लागला.

आज सकाळी निरोप घेताना ते आर्लीनच्या दारात थांबले. पोपोयचा गाल ओढून म्हणाले, काय गुटगुटीत आहे हो. त्यापुढे 'दृष्ट न लागो' म्हणायचं असतं, ते राहिलं. दहा मिनिटांत पोपोयने असा सूर लावला की शेजारचा कोंबडा गप्प झाला.

आर्लीन लुसेनाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकली होती. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. तिने ताप पाहिला. नव्हता. लंगोट बदलला. कपड्यांत मुंगी शोधली. पोट चोळलं, कानामागे दाबून पाहिलं, नर्स मैत्रिणीला फोन केला, आणि मैत्रीण बोलत असतानाच पुन्हा ताप पाहिला. दीड तास गेला. पोपोयचा चेहरा बिटासारखा लाल झाला. सासूबाई खुर्चीत बसून एकच सांगत होत्या: ज्याची नजर त्याचीच थुंकी, बोटाने, बेंबीभोवती. थुंकीत जंतू असतात, असं आर्लीनने तीनदा सांगितलं. असतील, सासूबाई म्हणाल्या, पण त्याचेच आहेत ना, मग झालं तर.

तेवढ्यात चौकातून जीपनीचा भोंगा ऐकू आला, आणि आर्लीनच्या पायांनी पदवीला न विचारता धाव घेतली.

गाडी सापडली. घंटा ऐकून ड्रायव्हरला वाटलं होतं कुठेतरी आग लागली, म्हणून तो बघायला थांबला होता. प्राध्यापक दोन कोंबड्या आणि एका भोपळ्याच्या मध्ये बसले होते. आर्लीनने पोपोयला थेट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्याचं झबलं वर केलं. काय हवंय ते कळल्यावर सर समजुतीच्या सुरात म्हणाले की बाई, तुम्ही तर शिकलेल्या दिसता.

"सर, मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे," आर्लीन म्हणाली. "थुंका."

सरांनी प्रयत्न केला. पण सगळी गाडी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तोंडाला कोरड पडली. मग मागच्या बाकावरच्या भाजीवालीने टोपलीतून एक कच्चा आंबा काढला, चिरला, फोडीवर आंबवलेल्या जवळ्याची चटणी थापली आणि पुढे सरकवली. सर फोड चावायला लागले. साऱ्या गाडीच्या तोंडाला पाणी सुटलं. ड्रायव्हरने आवंढा गिळला. सरांना सगळ्यांत शेवटी सुटलं. आर्लीनने आधी त्यांचं बोट जंतुनाशकाने स्वच्छ पुसलं, मग तेच बोट त्यांच्या तोंडात घालायला लावलं.

बेंबीभोवती एक वेढा पूर्ण झाला. पोपोय थांबला. त्याने एक लांब ढेकर दिली आणि सरांकडे बघून हसला.

गाडीत टाळ्या पडल्या. आर्लीनला रडू आलं. सरांनीही खुशीत बाळ तिच्या हातात दिलं, आणि पोपोयने पुन्हा भोकाड पसरलं. परत सरांच्या मांडीवर, गप्प. आईकडे, भोकाड. असं चारदा झालं. भाजीवाली म्हणाली की असर खोल गेलाय, एका थुंकीत भागायचं नाही. ड्रायव्हरने सभ्यपणे आणखी थोडी वाट पाहिली. मग त्याने टपावरून सरांची बॅग उतरवली, त्यांना हात धरून खाली घेतलं, झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि गाडी सोडली.

सर मांडीवर पोपोयला घेऊन धुळीकडे बघत राहिले. संध्याकाळची गाडी तरी मिळेल ना, असं त्यांनी विचारलं. आर्लीनने त्यांची बॅग उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. ना इतिहास हाती लागला, ना गाडी, असं काहीसं सर पुटपुटले.

लोला कोनराडा त्यांच्या शेजारी टेकल्या. जरा खजील झाल्या होत्या. म्हणाल्या की गाव कुणी वसवलं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण पाहुण्यांना सांगायला कसंतरीच वाटतं. तो स्पेनच्या राजाचा मोजणीदार होता. सकाळी होडीतून किनारा मोजायला उतरला, दुपारी परत जाणार होता. इथे तेव्हा चार झोपड्या होत्या आणि एक बाळ. त्याने जाता जाता बाळाचा गाल ओढला.

"मग?" सरांनी एका हाताने वही उघडली.

"मग काय," लोला म्हणाल्या, "ते बाळ बरं होईपर्यंत मोजणीदाराला स्वतःची अकरा झाली."