मिरचीच्या दोन ओळी

"खोल! फार खोल लावताय!" ती खिडकीच्या काचेवर टकटक करत ओरडली.

बाहेर वाफ्यात गुडघे टेकून बसलेल्या नवऱ्यानं मान वर केली, छान हसला, आणि हातातलं रोप आणखी दोन बोटं खाली दाबलं.

"त्याला नाही ऐकू येणार," सासूबाई गोधडीवरची नजर न काढता म्हणाल्या. "लहानपणी खिडक्या उघड्या असायच्या, तेव्हाही यायचं नाही."

ही खिडकी उघडायची नव्हती. तिसऱ्या किमोनंतर तिच्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. माती, कुंड्या, फुलं, सगळं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेही बारा वर्षं रोपवाटिकेत राबलेल्या बाईला. हिवाळा सरून ऊन आता कुठे उबदार झालं होतं आणि ढोबळी मिरचीची रोपं छोट्या पेल्यांत मावेनाशी झाली होती. नवरा बस चालवायचा. पालक कुठला आणि गवत कुठलं हे त्याला अजून विचारावं लागे. पण रजा त्याला आजच मिळाली होती.

तिनं वहीचं पान फाडलं, मोठ्या अक्षरांत 'खोडाला माती नको, सडेल' असं लिहिलं आणि काचेला लावलं. त्यानं ते ओठ हलवत वाचलं, उभं राहून सलाम ठोकला, आणि लावलेली सगळी रोपं एकेक करून अलगद वर घेतली. पहिली ओळ नीट उभी राहिली. हिरवी, सरळ, वाऱ्यावर जराशी डोलणारी. ती कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

हसता हसताच पाठीतून थंडी सरकली.

ती खाली बसली आणि गोधडीचं आपल्याकडचं टोक गुडघ्यांवर ओढून घेतलं. हाताला काम हवं म्हणून सासूबाईंनीच तिला एक बाजू शिवायला दिली होती. नवऱ्याच्या जुन्या गणवेशाच्या खाकी तुकड्यावर ती धावदोरा घालू लागली. ऊन थेट अंगावर येत होतं. सासूबाईंनी तर पंखा लावला होता.

ताप शंभरच्या वर गेला तर तडक घेऊन या, तासाभरात, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. थर्मामीटर समोर खिडकीतच होता. तिनं तिकडे पाहिलं नाही. बाहेर दुसऱ्या ओळीतली सहा रोपं राहिली होती, पेल्यांतून काढून मुळांसकट मांडून ठेवलेली. आत्ता बोलले तर तो सगळं तिथंच टाकेल. उघडी मुळं या उन्हात अर्धा तास टिकायची नाहीत. तेवढी ओळ होऊ दे.

सासूबाईंचं बोट खाकी तुकड्यावर येऊन थांबलं.

"हे टाके कधीचे?"

"आत्ताचे."

"एक इकडे, एक तिकडे. हात कापतोय तुझा."

"ऊन येतंय हो डोळ्यांवर."

"ऊन माझ्याही डोळ्यांवर येतंय." त्यांनी थर्मामीटर उचलला. "तोंड उघड."

"आई, दोन मिनिटं. सहाच राहिलीत."

"तोंड उघड म्हणते ना!"

आकडा आला. सासूबाईंनी थर्मामीटर आधी लांब धरला, मग चष्म्याजवळ आणला, मग पुन्हा लांब धरला. एकशे एक. त्या उठल्या आणि महिनाभर कुणी न उघडलेली खिडकी त्यांनी धाडकन उघडली.

"अरे, गाडी काढ!"

ओल्या मातीचा वास खोलीत शिरला. तिनं डोळे मिटले आणि तेवढ्यात एकदा छाती भरून घेतला.

नवरा धावत दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावरच थबकला. कोपरापर्यंत माती. "हात धुऊ आधी? का... हात धुऊ ना?" नळाखाली त्याच्या हातून साबण दोनदा निसटला. सासूबाईंनी दोरा दातानं तोडला, सुई काढून घेतली, आणि अर्धवट शिवलेली गोधडी तिच्या खांद्यांभोवती गुंडाळली.

गाडीचं दार लावताना ती म्हणाली, "आई, ती सहा उन्हात आहेत."

"मी बघते."

"पण तुमचे गुडघे..."

"बघते म्हटलं ना. जा."

गाडी वळणाआड गेली. सासूबाईंनी जन्मात एक रोप लावलं नव्हतं. त्यांनी आतून बुटकं स्टूल आणलं आणि वाफ्याशी ठेवून त्यावर बसल्या. पहिल्या रोपाचं खोड त्यांच्या हातातच मोडलं. त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग उरलेली पाच लावली, कागदावर लिहिलं होतं तशी. फोन आला नाही म्हणून त्यांनी पाणी घातलं. तासाभरानंही आला नाही, म्हणून परत घातलं. शिवत बसल्या असत्या, पण गोधडी गाडीतून गेली होती. मग आणखी एक बादली आणली.

ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला.

"आई, ताप नव्याण्णववर आलाय," मुलगा म्हणाला. "सलाईन चालू आहे. चारेक दिवस ठेवतील. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला.

"आई," सुनेचा बारीक आवाज आला. "रोपं?"

"लावली."

"आणि पाणी?"

सासूबाईंनी वाफ्याकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तळं साचलं होतं, आणि त्यात एक चिमणी मजेत पंख फडफडवत अंघोळ करत होती.

"बेताचंच घातलंय गं," त्या म्हणाल्या, आणि फोनमध्ये आवाज जाऊ नये म्हणून चिखलात रुतलेला पाय अगदी हळू वर काढला.