दारापर्यंत

“आई, आज पट्टी बांधू नकोस. पाय आहे तसा दिसू दे त्यांना,” चिकाको कळवळून म्हणाली.

ओकुदाबाईंनी ऐकून घेतलं आणि पट्टी बांधलीच. चांगली करकचून बांधली, वरून पायघोळ स्कर्ट घातला. घरी आलेल्या माणसासमोर ओंडक्यासारखा पाय पसरून कसं बसायचं? कॅन्सरच्या ऑपरेशननंतर डावा पाय जो सुजला, तो ओसरायचं नाव घेत नव्हता. गरम झऱ्यांवरच्या जुन्या हॉटेलात पाहुण्यांची उठबस करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ती नोकरी सुटली. आजारपणाचा पगारही या महिन्यात संपत होता. पुढे विम्यातून कायमचा भत्ता मिळणार की नाही, हे आज येणाऱ्या तपासनिसांच्या हातात होतं.

मुरोता आले. कोरड्या चेहऱ्याचा माणूस. ओकुदाबाईंनी चहा ठेवला आणि त्यांच्यासमोर गुडघे दुमडून, टाचांवर ताठ बसल्या. पाहुण्यासमोर बसायची त्यांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

“पाय कसा आहे?”

“तुमच्या कृपेनं बरा आहे.”

दाराशी उभ्या चिकाकोनं कपाळावर हात मारला.

“उभं राहून कामं जमतात?”

“सांभाळून करते, साहेब. चहा गार तर नाही ना झाला?”

मुरोता भराभर लिहीत होते. चिकाकोला राहवेना. “आई, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतेयस तू!”

“पोरगी जरा तोंडाळ आहे, मनावर घेऊ नका,” ओकुदाबाई हसून म्हणाल्या.

मुरोतांनी फाईल मिटली, मान लववली आणि ते दाराकडे निघाले.

हॉटेलात असताना बर्फ पडत असलं तरी ओकुदाबाई फाटकाशी कमरेत वाकून उभ्या राहायच्या. पाहुण्याची गाडी वळणाआड गेल्याशिवाय मान वर करायच्या नाहीत. आताही उठायला म्हणून त्यांनी जमिनीवर हात टेकला. पाय उचलेना. कंबरेपर्यंत कळ गेली. पुन्हा जोर लावला, पुन्हा खाली बसल्या. चिकाको धावली, पण मुरोता दारात पोचलेसुद्धा होते.

ओकुदाबाईंनी चटईला कपाळ टेकलं. “माफ करा, साहेब. दारापर्यंत येता येत नाही.” शरमेनं त्यांचे कान तापले होते. असा अपमान त्यांनी आजवर कोणाचा केला नव्हता.

बूट घातल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं पावलं परत आली. मुरोता त्यांच्यासमोर येऊन तसेच गुडघे दुमडून बसले.

“ओकुदाबाई, पाहुणा निघालेला असताना तुम्ही याआधी कधी बसून राहिला होतात?”

“कधीच नाही हो!”

मुरोतांनी फाईल उघडली आणि लिहिलेल्या पानावर आडवी रेघ मारली.

“मग पहिल्यापासून विचारतो. पाय कसा आहे?”

ओकुदाबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं.

“दुखतो,” त्या म्हणाल्या.