कावळा शिवेना

भिवाजीच्या दहाव्याला कडावजवळच्या नदीकाठी पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना.

चार दिवसांच्या तापात गेलेल्या माणसाचं काय राहून गेलं असेल? मुलाने, जितेशने हात जोडले. "बाबा, आईला मी सांभाळीन." थोडं थांबून म्हणाला, "जमीन विकणार नाय." तरी काही नाही.

"माधवी, लेकीतच जीव अडकलाय त्याचा," आत्या म्हणाली. "तू बोल गं काईतरी."

माधवी साथरोगांची डॉक्टर. नव्या आरोग्यसेवकांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, साथ दवाखान्यात शोधू नका, तिथं ती शेवटी पोचते. आधी पाखरांकडे बघा.

ती समोरच्या चिंचेकडे आणि मग आभाळाकडे बघत राहिली.

"आत्या, तुला कावळा शेवटचा कधी दिसला?"

आत्याला आठवेना. जितेशलाही आठवेना.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला. तो पिंडाला टेकवताना ते हळूच म्हणाले, "या आठवड्यातला हा माझा चौथा."