खिडकीकडचा स्पीकर

"ताई, ह्यात फॉल्ट न्हाय," गुंडू म्हणाला. "दोन्ही एकसारखं वाजत्यात."

भैरवी त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरच्या टोकाला उभी होती. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालले होते. गुंडूला तेच पुन्हा, जरा मोठ्याने म्हणावं लागलं.

"नीट बघा. बारीक आवाज जातो त्याचा. बाबा म्हणायचे."

"बघितलं की. उघडून बघितलं. सरांनी बारीक आवाजाचा नवा ट्वीटर घातलाय ह्यात, काम बी झ्याक केलंय." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "स्पीकर चांगला हाय म्हटल्यावर तोंड पाडणारं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघतोय मी."

भैरवीने हसण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही.

स्पीकर बिघडलेला निघायला हवा होता.

तिचे वडील, अंबादास सर, शाळेतून निवृत्त झाल्यावर जुन्या बाजारातून ही जोडी घेऊन आले होते. दिवाणखान्यात एक खिडकीकडे ठेवला, दुसरा कपाटाकडे. मधोमध त्यांची खुर्ची. पुढे त्यांची तक्रार सुरू झाली. खिडकीकडचा मिटल्यासारखा वाजतो. त्यांनी वायरी अदलाबदल करून पाहिल्या, ट्वीटर बदलला. तरी खिडकीकडचा तसाच. जुना माल, असाच असायचा, असं घरातले सगळे म्हणाले आणि विषय संपला.

वर्षाने डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या कानामागची गाठ फिल्मवर दाखवली.

"ही हळू वाढते," डॉक्टर म्हणाले. "सुरुवातीला त्या कानाला फक्त बारीक, उंच आवाज ऐकू येणं कमी होतं. तेव्हाच आले असते तर सोपं होतं." मग त्यांनी विचारलं, "यांच्या वडिलांना ऐकू कमी यायचं का?"

"हो, पण आजोबा कबनूरला यंत्रमागावर होते," भैरवीने सांगितलं. "मागावरची माणसं बहिरी होतातच."

डॉक्टरांनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही.

ऑपरेशननंतर सर घरी आले नाहीत.

त्या खुर्चीत बसलं की खिडकी डाव्या हाताला येते, हे भैरवीच्या लक्षात आलं ते दिवस घालून पाहुणे परत गेल्यावर. तेव्हापासून तिला एकच भीती होती. स्पीकर खरंच बिघडलेला असेल, तर बाबा फक्त स्पीकरबद्दल बोलत होते. त्या वर्षात कुणाच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. पण स्पीकर चांगला असेल, तर रोज संध्याकाळी बाबा आपला आजार सगळ्यांना सांगत होते, आणि घर हो हो म्हणत होतं.

लगेच तपासणं शक्य नव्हतं. वर्षभर घरात गाणं लागलं नाही. तिच्या आईने, लीलाताईंनी, दोन्ही स्पीकरवर चादर टाकली होती आणि कुणाला तिला हात लावू दिला नव्हता. मागच्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं. आईनेच चादर काढली, घडी घातली आणि आत गेली. तरी भैरवीला स्वतः ऐकायचा धीर झाला नाही. परक्या माणसाने सांगावं, म्हणून तिने जोडी उचलून गुंडूकडे आणली होती.

आणि गुंडूने सांगितलं होतं.

घरी येऊन तिने स्पीकर जागच्या जागी ठेवले. वायरी जोडल्या. बाबा तपासायला नुसत्या तानपुऱ्याची कॅसेट लावायचे. ती खणातच होती. ती लावून भैरवी खुर्चीत बसली.

तानपुरा सुरू झाला.

कपाटाकडून जवारीची बारीक झणझण लख्ख येत होती, तार न् तार. खिडकीकडून मात्र कुणी वाकळ टाकावी तसा आवाज. मिटलेला.

भैरवीने श्वास रोखून पुन्हा ऐकलं. मग गुंडूला फोन लावला.

"घरी आणल्यावर गेलाय बघा बारीक आवाज! खिडकीकडचाच!"

"दुकानात तर वाजत हुता की ओ," गुंडू म्हणाला. "अँप्लिफायरच्या मागं वायरी अल्टापल्टी करून बघा. फॉल्ट कपाटाकडं सरकला तर अँप बाद. खिडकीकडंच ऱ्हायला तर स्पीकर."

फोन चालू ठेवूनच तिने वायरी बदलल्या. खुर्चीत येऊन बसली.

"खिडकीकडेच आहे."

"मग स्पीकरच की. आणा माघारी. आतल्या वायरीचा टाका सुटत असंल, हलवला की धरत असंल. सर बरोबर हुतं म्हणायचं."

"होय," भैरवी म्हणाली. "बाबा बरोबर होते."

फोन ठेवल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. बाबा जुन्या मालाबद्दलच कुरकुरत होते. बाकी काही नव्हतं. तिने तानपुरा तसाच चालू ठेवला, खिडकीकडच्या त्या मिटलेल्या आवाजाकडे कान देऊन.

"भैरवी! अगं, किती हाका मारायच्या?"

आई मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पळी होती.

"आमटी गार झाली. तुझ्या बाबांचं पण असंच. ह्या खुर्चीत बसले की हाक पोचायची नाही."

"आई, स्पीकर बिघडलेलाच आहे!" भैरवी उठली आणि हसत आईकडे वळली. "तूच ऐक ना, खिडकीकडचा..."

ती थांबली.

तानपुरा चालूच होता. स्पीकर आता तिच्या पाठीमागे होते. खिडकीकडचा लख्ख वाजत होता, तार न् तार. आता डाव्या हाताला आलेला कपाटाकडचा मिटला होता.