अर्धा ठोका

“इथे का थांबता रे?” मामांनी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं, तशी भाच्याची गत झाली. स्टुडिओत बँडमधले बाकीचे तिघंही मामांच्या तोंडाकडे बघत होते. समोरच्या यंत्रावर टेपचं मोठं रीळ फिरत होतं. जुन्या हेवी रॉकचा जाड, खरखरीत आवाज हवा म्हणून दुसरा अल्बम त्यांनी मुद्दाम असा जुन्या पद्धतीने रेकॉर्ड केला होता. ॲम्प्लिफायर मामांचा, दुरुस्तीही मामांची. म्हणून पहिलं गाणं ऐकायचा मान त्यांना.

गाण्याची चालही मामांचीच होती, पण ते फक्त भाच्याला माहीत होतं. पहिला अल्बम गाजला आणि नंतर त्याला काही म्हणजे काही सुचेना. वर्षभर नुसती गिटार खाजवली. मग मामांच्या दुकानाच्या माळ्यावर एक रीळ सापडलं. मामांच्या तरुणपणच्या बँडचं, कधीच बाहेर न आलेलं. त्यात चौथ्या फेरीला ड्रम अर्धा ठोका थांबत होता. त्याने तोही उचलला, वर त्यासाठी आपल्या ड्रमरला महिनाभर घासलं. आणि आता, ज्याची वही उतरवली त्यालाच पेपर तपासायला बसवलं होतं.

“मुद्दाम आहे ते, मामा. जुन्या रॉकमध्ये असा मध्येच श्वास घ्यायचे.”

“श्वास कसला डोंबलाचा! शिंक आली होती तिला.” मामा खदखदून हसले. “तुझ्या मामीला. आमच्याकडे ड्रमवर तीच असायची.”

ड्रमरने भाच्याकडे एकदा पाहिलं आणि काठ्या खाली ठेवल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं भाच्याला झालं. मामी ड्रम वाजवायची हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने कधी विचारलंही नव्हतं. मामांनी एक कानाखाली वाजवली असती तर निदान सुटला असता. ते तर लहान मुलासारखे खूश झाले होते.

“म्हणजे ते रीळ तुझ्याकडे आहे! ती गेल्यापासून सगळं घर पालथं घातलं रे मी. गाणं संपलं की ती त्या शिंकेवर हसत सुटते. तिचा आवाज तेवढाच उरलाय. दे ना, ऐकू दे.”

भाच्याने गाणं संपेपर्यंतच ऐकलं होतं. चाल हाती लागल्यावर पुरावा नको, म्हणून जुनं पुसून त्याच रिळावर नवं गाणं रेकॉर्ड केलं होतं.

मामांनी हात पुढे केला.

“मामा,” तो यंत्राकडे न बघता म्हणाला, “समोर फिरतंय ना, तेच ते.”