योनेलसाठी उजेड

अखेर मारिकानं ताट वाढलं होतं. तुतीच्या बुंध्याला टेकलेल्या स्तानियानं डोळे उघडले, तेव्हा अंगणात लांब टेबल मांडलेलं होतं. त्यावर पाव, उकडलेले गहू, पाण्याचे तांबे आणि मधमाश्यांच्या मेणाच्या पिवळ्या मेणबत्त्या. सगळा गाव गपचूप जेवत होता.

उशिरा का होईना, सुनेला अक्कल आली म्हणायची.

डोंगरापलीकडच्या तांब्याच्या खाणीत बोगदा ढासळल्याची खबर आली, तेव्हा या दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. स्तानियाचा मुलगा योनेल आत होता. स्तानियाला त्याच्या मरणापेक्षा मोठी धास्ती वेगळीच होती. हातात मेणबत्ती नसताना जो जातो, तो त्या जगातही अंधारातच चाचपडत राहतो. त्याच्या नावानं कुणी जेवण घालून मेणबत्ती दिली, तरच त्याला उजेड दिसतो.

"आजच्या आज मेणबत्ती लाव," स्तानियानं बजावलं होतं. "माझं पोर अंधारात बसलंय."

"ज्याचं मढं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्या नावानं मी ताट वाढणार नाही," मारिका म्हणाली होती. "तुम्ही त्याला मारायला टपलात का, आई?"

हे वाक्य स्तानियाच्या काळजात घुसलं. मेण आणायला म्हणून ती तरातरा निघाली, फाटकापाशी डोकं गरगरलं, आणि ती तुतीखाली टेकली. डोळा लागला असावा. आता मात्र बरं वाटत होतं. गुडघेसुद्धा कुरकुरत नव्हते.

ती टेबलापाशी गेली. सुनेशी आपण होऊन बोलायचं नाही, हे तिनं ठरवलंच होतं. पण मानाच्या जागी बघते तर काय, नवा फुलाफुलांचा रुमाल बांधून किता बसलेली. किता म्हणजे स्तानियाची बालमैत्रीण. दोघींचे दुधाचे दातसुद्धा एकाच वर्षी पडलेले. गेलेल्याच्या जागी त्याच्याच वयाचं माणूस नव्या कपड्यांत बसवायचं, ते खाईल ते गेलेल्याला पोचतं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. योनेलच्या जागी तिशीतला गडी बसवायचा, तर तिथं ही आयत्या बिळावर नागोबा. आज तर लाडवासारखे डोळे सुजवून आली होती.

तोंड उघडलं तर भांडण होईल, म्हणून स्तानिया काही बोलली नाही. तिनं एक मेणबत्ती उचलली, पावाचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेतला. इथून पोचायची वाट कशाला बघायची? आपणच नेऊन देऊ.

खाणीच्या तोंडाशी माणसं फावडी घेऊन झटत होती. म्हातारीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ती आत शिरली. ज्योत जिकडे ओढ घेई तिकडे ती जात राहिली. अंधार एवढा होता की डोंगराला आतून आकाश असावं असं वाटत होतं. तिला भीती वाटली नाही. नवल वाटलं. देवळातही तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"कोण?" अंधारातून आवाज आला.

"मी. दुसरं कोण मरायला येतंय इथं?"

"आई? तू कशी आलीस?"

"चालत. आधी पाणी पी."

तो घटाघटा प्यायला. पाव खाल्ला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"घाबरू नकोस, बाळा. तू गेलास खरा, पण आता तुझ्यापाशी उजेड आहे."

"गेलो? मग माझा पाय एवढा का ठणकतोय?"

स्तानियानं त्याच्या छातीला कान लावला. आत धडधडत होतं, जोरात. तिनं आयुष्यात नवरा पुरला होता, भाऊ पुरला होता. गार पडलेली छाती तिला ठाऊक होती. ही छाती गरम होती. तिला रडू आलं, आणि आपण इतक्या दूर कशा येऊ शकलो हे काही उमगेना.

"ज्योत कुठं वाकतेय बघ," ती म्हणाली. "तिकडनं वारा येतोय. दगड घे आणि ठोक."

"तूच ठोक ना. माझ्यात त्राण नाही."

"माझ्या हातात मेणबत्ती आहे. ठोक म्हणते ना."

त्यानं ठोकलं. थांबून पुन्हा ठोकलं. बऱ्याच वेळानं पलीकडून कुणीतरी ठोकलं.

मग मात्र तिला धीर धरवेना. तिकडे जिवंत माणसाच्या नावानं मेलेल्याचं जेवण चाललं होतं. याहून मोठा अपशकुन नाही. मेणबत्ती त्याच्यापाशी ठेवून ती डोंगर उतरून धावत सुटली.

अंगणात पोचते तोच खाणीतला एक गडी धापा टाकत आला. "योनेल सापडला. जिवंत आहे. पाय मोडलाय, बाकी काही नाही. भ्रमात बडबडतोय, आई मेणबत्ती घेऊन शेजारी बसली होती म्हणून."

सगळे टेबलावरच्या ज्योतींकडे बघत राहिले.

"भ्रम नाही तो," स्तानिया म्हणाली. "आवरा ते ताट. लवकर."

मारिका उठली. तिचा चेहरा रडून भिजलेला होता. तिनं आलुबुखाराच्या दारूचा पेला काठोकाठ भरला आणि सरळ स्तानियाच्या दिशेनं आली. पोरगी चुकली, पण मनानं वाईट नाही, असं वाटून स्तानियानं सगळा राग सोडला आणि हात पुढे केला.

मारिका तिच्या जवळून पुढे गेली, किताच्या पायाशी गुडघे टेकून बसली आणि पेला तिच्या हातात दिला.

"घ्या, स्तानियाआई. तुमचा मुलगा सापडला."

कितानं डोळे मिटून पेला रिकामा केला, आणि स्तानियाचा घसा उबेनं भरून आला.